चार स्टार देतेय, पाचवा का नाही ते खाली वाचा

आधीच सांगते, लांब लिहिणारे. एमआरआय सेंटरला लोक रिव्ह्यू देतात म्हणजे "स्टाफ छान, एसी गार, पार्किंग आहे" एवढंच, आणि मे महिन्यात मी रात्री दोन वाजता मोबाईल घेऊन हेच शोधत बसले होते की गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी जळगावात एमआरआय नीट कुठे होतो, तेव्हा कामाची एक ओळ सापडली नाही. मायचा स्कॅन इथे दोनदा झाला, एकदा मे मध्ये आणि एकदा दिवाळीच्या तोंडावर, मधल्या काळात नाशिकला पण मशीनं पाहून झाली, तर आता जे कळलं ते लिहून ठेवते.

थोडं आधीचं. माय ५८ वर्षांची, अमळनेर तालुक्यातलं गाव, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले तर झोक्याजवळ सगळ्या पोरीबाळी आणि ही सारखी घरात जाते, लुगडं बदलते, मला शंका आली. खोदून विचारलं तेव्हा कळलं की तीन महिन्यांपासून अंगावरून लाल जातंय. म्हटलं सांगितलं का नाही, तर म्हणे, "माले काय व्हयेल नई, पोट दुखत नई, ताप नई, मंग कसाले जावानं दवाखानामा?" हेच तर डेंजर आहे, सुरुवातीला दुखत नाही. पाळी बंद झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी थांबायचं नाही, हे मला माहीत होतं, पण मायला कोणी सांगितलं नव्हतं, मी पण नाही.

तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात दाखवलं, आतून तपासून तुकडा काढला, रिपोर्ट स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच. मग तिथल्याच डॉक्टरांनी जवळच्या एका सेंटरला सीटी स्कॅन करायला पाठवलं, साधा, कॉन्ट्रास्ट (फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) न देता. नाव घेत नाही, कारण हा रिव्ह्यू त्यांचा नाहीये. साडेतीन हजार घेतले आणि तीन ओळींचा रिपोर्ट हातात दिला. सर्व्हिक्स (म्हणजे गर्भपिशवीचं तोंड) थोडी बल्की, म्हणजे फुगीर आहे, डॉक्टरी तपासणीशी ताडून पाहा. बस. आणि त्याच्या खाली काय लिहिलेलं माहितीये? प्रोस्टेट नॉर्मल. प्रोस्टेट ही पुरुषांना असते ती ग्रंथी, आणि माझ्या मायचं प्रोस्टेट नॉर्मल! माझ्या भावाने ते वाचलं आणि एवढ्या टेन्शनमध्ये पण आम्ही दोघं जिन्यात बसून हसलो, नंतर मात्र डोक्यात गेलं की कोणाच्या तरी जुन्या रिपोर्टवर नाव बदलून दिलंय, मग वरच्या तीन ओळी तरी हिच्याच आहेत कशावरून.

त्या रिपोर्टवर तिथले डॉक्टर म्हणाले, लहानच दिसतंय, येत्या सोमवारी पिशवी काढून टाकू, विषय संपला. आबा तर पैसे काढायला बँकेत निघाले पण होते. माझी मावसबहीण नाशिकला नर्स आहे, ती फोनवर अक्षरशः ओरडली, म्हणे थांबा, आधी कॅन्सरच्या डॉक्टरला दाखवा आणि एमआरआय झाल्याशिवाय कोणाला हात लावू देऊ नका. तिचं म्हणणं असं की गाठ पिशवीच्या तोंडाबाहेर सरकलेली असेल आणि नुसती साधी पिशवी काढली तर आजार आत राहतो, मग नंतर रेडिएशन द्यायचं म्हटलं तरी ते अवघड होऊन बसतं, आतमध्ये रेडिएशनची नळी ठेवायला नीट जागा उरत नाही. अशा बायका ती रोज बघते म्हणाली.

जळगावच्या कॅन्सर डॉक्टरांनी हाताने तपासलं, म्हणाले डाव्या बाजूला मला शंका येतेय, एमआरआय पेल्विस म्हणजे ओटीपोटाचा एमआरआय करा, आणि तुकडा काढून दहा दिवस होऊ द्या मग करा, कारण तुकडा काढल्यावर तिथे सूज आणि रक्त असतं, ती सूज पण स्कॅनमध्ये गाठीसारखी दिसू शकते. ही गोष्ट कोणी सांगत नाही. आम्ही घाईत दुसऱ्याच दिवशी केला असता तर पैसे पाण्यात.

आता सेंटरबद्दल.

फोनवर अपॉइंटमेंट लगेच मिळाली, सकाळी नऊची. रिसेप्शनच्या ताईने सांगितलं चार तास उपाशी या आणि लघवी भरलेली ठेवा, पाणी पिऊन या. झालं. माय सहाच्या गाडीने अमळनेरहून निघाली, मी घरून निघताना दोन बाटल्या घेऊन गेले, बाई बिचारी पीत राहिली. तिथे पोचल्यावर टेक्निशियन दादा म्हणतो मावशी एवढं पाणी कोणी सांगितलं? सोनोग्राफीला फुल लागतं, एमआरआयला लघवीची पिशवी निम्मीच भरलेली पाहिजे, फुल असली तर सगळं दाबलं जातं आणि पेशंटला धीर धरवत नाही, हालचाल होते, फोटो हलतो. म्हणजे आधी जाऊन रिकामी करा, मग अर्धा तास थांबा. वर आणखी एक, कॉन्ट्रास्ट द्यायचा तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट लागतो, किडनी ठीक आहे का बघायला, ते पण फोनवर सांगितलं नव्हतं. मग समोरच्या लॅबमध्ये रक्त, रिपोर्टला दीड तास. नऊची अपॉइंटमेंट, आत गेली पावणेबाराला. बाहेर ४४ डिग्री, मायच्या पोटात रात्रीच्या कळण्याच्या भाकरीनंतर काही नाही, त्यात शुगरची पेशंट. पाचवा स्टार इथे गेला एक. म्हणजे अर्धा इथे गेला, अर्धा पुढे सांगते.

पण आत गेल्यावरचं काम, त्याला मी तोड नाही म्हणेन.

बायकांसाठी आत एक बाई अटेंडंट आहे, तिने मायला पडद्याआड नेऊन कपडे बदलायला दिले आणि मग सुरू झालं पिनांचं. गावाकडच्या बाईच्या अंगावर सेफ्टी पिना किती असतात याचा अंदाज पुरुषांना नसतो. पदराला दोन, निऱ्यांना एक, ब्लाउजला एक कारण हुक तुटलेलं, बांगडीत अडकवलेल्या दोन, आणि डोरल्याच्या काळ्या पोतीत एक छोटी, काटा काढायला म्हणून. सात! बाईने ट्रेमध्ये मोजून ठेवल्या. जोडवी निघाली, काचेच्या बांगड्या राहू दिल्या, पण नाकातली फुली तीस वर्षांत कधी काढलेली नाही, फिरकी गंजून बसलेली. ती बाई साबणाचं पाणी लावून दहा मिनिटं शांतपणे फिरवत बसली, एकदाही "लवकर करा हो मावशी" नाही. बाहेर लाईन लागलेली होती तरी. मग दादाने हातावरचं गोंदण बघून विचारलं हे जुनं आहे ना, शाईत लोखंडाचा अंश असला तर एखाद्याला गरम लागतं, तसं काही वाटलं तर हातातला फुगा दाबा, मी लगेच थांबवतो. पेसमेकर, डोक्यात क्लिप, आधीचं ऑपरेशन, रॉड, सगळं विचारून फॉर्मवर लिहून घेतलं. चुंबक रात्रंदिवस चालूच असतं, मशीन बंद दिसलं तरी, हे त्याने मला पण बजावलं आणि मोबाईल बाहेर ठेवायला लावला.

दोन गोष्टी आणखी, ज्या बायकांना माहीत असाव्या. एक, स्कॅनच्या आधी आतड्याची हालचाल मंद करायला इंजेक्शन देतात, आतडं सारखं हलत असतं म्हणून फोटो धूसर येतात. ते देण्याआधी काचबिंदू आहे का, हृदयाचा त्रास आहे का, हे विचारतात, विचारलं नाही तर तुम्ही स्वतः सांगा. दोन, योनिमार्गात थोडी जेल घालतात, त्याने मार्गाच्या भिंती वेगळ्या होतात आणि गाठ खाली किती उतरलीय ते स्पष्ट दिसतं. सगळीकडे घालत नाहीत, इथे घातली. त्या बाईने आधी मायला विचारलं, कशासाठी ते सांगितलं, मला आत थांबू दिलं, दादाला बाहेर पाठवलं. मायने डोळे मिटून घेतले, पण नाही म्हणाली नाही. हे जर कोणी न सांगता केलं असतं तर माय पुढच्या तपासणीला कधीच आली नसती, मी ओळखते तिला.

स्कॅनला साधारण चाळीस मिनिटं. कानात बोळे घालून वर हेडफोन, तरी आवाज येतोच. खोली थंडगार, ब्लँकेट देतात, मागून आणखी एक पण दिलं. बाहेर आल्यावर मायचं पहिलं वाक्य, "हाई मशीन शे का पिठनी गिरनी?" मध्ये लाईट गेली होती दोन मिनिटं, जनरेटर लगेच सुरू झाला, पण एक सिरीज परत घ्यावी लागली, त्याचे जास्तीचे पैसे लावले नाहीत. एकूण बिल साडेसात हजार, कॉन्ट्रास्टचे दोन हजार वेगळे.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देतो म्हणाले आणि तेव्हाच दिला. मी घ्यायला गेले तेव्हा रेडिओलॉजिस्ट मॅडम मोकळ्या होत्या, त्यांनी मला आत बोलावून स्क्रीनवर दाखवलं. मी कॉमर्सवाली, मला काय कळणार असं वाटलं, पण त्यांनी असं दाखवलं की आता कोणाचाही फोटो दाखवा मी सांगेन. गर्भपिशवीच्या तोंडाचा आडवा काप घेतला की एका पद्धतीच्या फोटोत निरोगी भाग काळा दिसतो, गोल, थेट काळ्या बांगडीसारखा, आणि गाठ राखाडी. ती काळी बांगडी पूर्ण अखंड असेल तर आजार बाजूच्या मऊ भागात गेलेला नाही असं जवळपास खात्रीने म्हणता येतं. मायची उजवीकडून अखंड होती आणि डावीकडे घड्याळात तीन वाजतात त्या जागी राखाडी रंग बाहेर पसरलेला. फोटोत डावं-उजवं उलटं असतं हे पण तेव्हाच कळलं. घरी जाऊन मायला सांगितलं की डाव्या बाजूची बांगडी फुटलीय असं दिसतं, तर ती माझ्यावरच डाफरली, "फुटनी नको म्हनू, वाढनी म्हन." कॅन्सर झालाय त्याचं काही नाही, पण आबा बसलेत समोर आणि बांगडी फुटली म्हणायचं नाही.

रिपोर्ट दोन पानी. गाठीचं माप तिन्ही बाजूंनी, मोठ्यात मोठं ४.८ सेंटीमीटर. डाव्या बाजूचं पॅरामेट्रियम, म्हणजे तोच बाजूचा मऊ भाग, बाधित. योनीचा वरचा भाग थोडा, खालचा मोकळा. लघवीची पिशवी आणि गुदाशय यांच्याकडचा पडदा शाबूत. डाव्या बाजूला ओटीपोटात एक लिम्फ नोड, म्हणजे लसिकाग्रंथी, १२ मिलिमीटरची, संशयास्पद, वरच्या महाधमनीजवळ काही नाही. दोन्ही किडन्या नॉर्मल, सूज नाही. किडनीचं का लिहितात ते पण विचारलं, तर किडनीतून येणारी नळी बरोब्बर सर्व्हिक्सच्या बाजूने जाते, गाठ तिथवर पोचली की नळी दाबते, वर किडनी फुगते, आणि पेशंटला काही कळतही नाही. तेवढ्यावरून स्टेज तिसरी होते. आणि शेवटी स्टेज, थ्री सी वन, त्याच्यापुढे छोटा इंग्रजी आर.

हा आर म्हणजे काय ते नंतर कॅन्सर डॉक्टरांनी सांगितलं. या कॅन्सरची स्टेज फिगो नावाची स्त्रीरोगवाल्या डॉक्टरांची जागतिक संघटना ठरवते, आणि २०१८ पर्यंत ही स्टेज मुख्यतः हाताने तपासूनच ठरायची, एमआरआयचा हिशोब त्यात धरत नव्हते, कारण हा आजार जास्त करून गरीब देशांतल्या बायकांना होतो आणि तिथे मशीन कुठून आणणार. २०१८ ला नियम बदलला, स्कॅनमध्ये दिसलेलं पण स्टेजमध्ये धरायचं, नोडमध्ये आजार असेल तर सरळ थ्री सी. स्कॅनवरून ठरवलं तर आर, तुकड्यावरून ठरवलं तर पी. आता हिशोब करा, त्या प्रोस्टेटवाल्या रिपोर्टप्रमाणे मायची स्टेज पहिली होती आणि सोमवारी ऑपरेशन, आणि इथल्या रिपोर्टप्रमाणे ऑपरेशन करायचंच नाही, रेडिएशन आणि सोबत दर आठवड्याला किमो. माणूस तोच, दोन आठवड्यांचं अंतर. सीटी वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, फुप्फुसं, किडन्या, नोड बघायला तो लागतोच, पण पिशवीच्या तोंडाची गाठ आणि बाजूचा मांसल भाग यातला फरक सीटीत नीट उमटत नाही, त्यातून बिना कॉन्ट्रास्टचा तर विचारूच नका.

मॅडमनी आमच्या डॉक्टरांना आमच्यासमोर फोन लावला आणि डाव्या बाजूबद्दल दोघं पाच मिनिटं बोलले. तुमच्या हाताला काय लागलं, मला इथे असं दिसतंय. या फोनचे मी वेगळे पैसे द्यायला तयार होते.

सीडी पण दिली, न मागता. ही सीडी पुढे सोन्यासारखी कामी आली. नाशिकला रेडिएशन चालू झालं जूनमध्ये, २५ दिवस बाहेरून, किमो पाच वेळा, मग ब्रॅकीथेरपी म्हणजे आतून. सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत संपलं पाहिजे असा त्यांचा कटाक्ष, लांबलं की गुण कमी येतो. ब्रॅकीच्या आधी तिथे परत एमआरआय झाला, गाठ किती आकसली ते बघायला, कारण आतून किती डोस कुठे द्यायचा ते उरलेल्या गाठीवर ठरतं, आणि लघवीची पिशवी, आतडं यांना वाचवायचं असतं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं, आधीचे फोटो आहेत का. मी सीडी दिली, कॉम्प्युटरवर लगेच उघडली, दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी माप घेतलं. माझ्या शेजारच्या बाईकडे फक्त फिल्म होत्या, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहून एकमेकींना चिकटलेल्या. तर कुठेही स्कॅन करा, सीडी किंवा लिंक मागून घ्या, फिल्म नाही मिळाली तरी चालेल. ट्रीटमेंट आमची योजनेत बसली, स्कॅनचे सुरुवातीचे पैसे मात्र खिशातून गेले, ते आधीच धरून चाला.

पेट सीटी पण नाशिकलाच. ट्रीटमेंट संपल्यावर तीन महिन्यांनी सांगितला होता, घाई करून आधी केला तर रेडिएशनची सूजच चमकते. त्यात साखरेला रेडिओॲक्टिव्ह कण जोडून शिरेतून देतात, कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात म्हणून तिथे उजेड दिसतो. पहिल्या दिवशी आम्हाला परत पाठवलं कारण मायची शुगर २३०, दोनशेच्या वर असली की ते करत नाहीत. नाशिकपर्यंत जाऊन परत! चूक आमचीच, आदल्या रात्री मावसबहिणीकडे मांडे आणि डब्यातला आमरस झाला होता. दुसऱ्या वेळी शुगर १४० आली. वेळेवर पोचा हे पण सांगते, ते औषध दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, ते काही तुमच्यासाठी थांबत नाही. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं, बोलायचं पण नाही, मायला ही शिक्षा एमआरआयपेक्षा मोठी वाटली. आणि त्या दिवशी लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही, तर घरी आल्यावर नातू दारातून धावत आला आणि ही पदर तोंडाला लावून मागच्या खोलीत निघून गेली, तो रडला, ती पण रडली.

दिवाळीच्या आधी या सेंटरला परत आलो, फॉलोअपचा एमआरआय. याही वेळी चिठ्ठीवर कॉन्ट्रास्ट लिहिलेलं होतं, पण मॅडमनी जुनी सीडी बघून डॉक्टरांना फोन केला आणि म्हणाल्या कॉन्ट्रास्टची गरज नाही, साधे फोटो आणि डिफ्यूजन पुरेसं आहे. डिफ्यूजन म्हणजे पेशींमधलं पाणी किती मोकळं फिरतंय ते बघतात, गाठीत पेशी दाटीवाटीने असतात म्हणून पाणी अडकतं आणि तो भाग चमकतो. दोन हजार रुपये वाचवले आमचे, स्वतःचं बिल कमी करून. असं करणारं सेंटर मी तरी पाहिलं नाही. काळी बांगडी परत अखंड दिसतेय, नोड दिसत नाही, डिफ्यूजनवर काही चमकत नाही. पेट पण तसाच. डॉक्टर म्हणाले दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासायला यायचं, स्कॅन दर वेळी नाही, गरज वाटली तरच.

आणि या वेळी ट्रेमध्ये एकही पिन नव्हती. माय पदर हाताने धरून बसली होती, अटेंडंट बाईने विचारलं मावशी पिना कुठेत, तर म्हणे, "बठ्ठं लोखंड घरच ठेईसन उनू." फुली पण काढूनच आणलेली, नाकात तुळशीची काडी.

आता ज्यांना वाटतं की आपणही एकदा एमआरआय करून बघावा कॅन्सर आहे का, त्यांच्यासाठी. असं करू नका. स्कॅन हा कॅन्सर शोधायला नसतो, सापडल्यावर किती पसरलाय ते बघायला असतो, अगदी सुरुवातीचा आजार सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, एमआरआयमध्ये दिसतही नाही. शोधायला पॅप किंवा एचपीव्ही टेस्ट आहे, पिशवीच्या तोंडावरून नमुना घेऊन पेशी बिघडल्यात का किंवा हा कॅन्सर करणारा विषाणू आहे का ते बघतात, आणि सरकारी दवाखान्यात तिशीच्या पुढच्या बायकांची ॲसेटिक ॲसिड लावून तपासणी करतात, फुकट, पाच मिनिटांत. सव्वा लाखाच्या वर बायकांना हा कॅन्सर दर वर्षी होतो आपल्या देशात आणि ८० हजारांच्या आसपास जातात, आणि हा असा कॅन्सर आहे की होण्याच्या आधी कित्येक वर्षं टेस्टमध्ये कळतो. माझ्या मुलीला मी त्या विषाणूवरची पुण्याच्या सीरमची लस दिली, तेरा वर्षांची आहे, दोन डोस. सासूबाईंना नेलं तपासायला, त्या माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. चालेल.

उरलेला अर्धा स्टार कुठे गेला ते राहिलंच. बायकांच्या टॉयलेटची कडी तुटलेली आहे. ज्या सेंटरला पेशंटला लघवी निम्मी भरून यायला सांगतात, जेल घालतात, त्या सेंटरच्या टॉयलेटला कडी नको का? मे मध्ये मी दार धरून बाहेर उभी होते, दिवाळीला पण मीच धरून उभी. काउंटरवर सांगितलं, "करतो मॅडम" म्हणाले.

वेटिंगच्या खुर्च्या लोखंडी आहेत, म्हाताऱ्या माणसासाठी घरून उशी आणा. चहाची टपरी कोपऱ्यावर आहे पण स्कॅनच्या आधी पेशंटला घेऊन त्या बाजूने जाऊ नका, वास येतो आणि उपाशी माणूस चिडतो. रविवारी बंद. कार्ड चालतं, यूपीआय चालतं, पावती मागावी लागत नाही.

अपडेट, जानेवारी: चुलत सासूबाईंसाठी फोन केला होता. आता त्या ताई नीट सांगतात, तासभर आधी लघवी करून या, मग एकच ग्लास पाणी, आणि क्रिएटिनिन आदल्या दिवशी करून ठेवा. म्हणजे कोणीतरी ऐकतंय. कडीचं विचारलं तर म्हणाल्या, सुताराला सांगितलंय. चारच राहू देते.